जमिनीवरचा स्विमिंग पूल: स्वतः बसवायचा की माणसं लावायची?

उन्हाळा जवळ आला की शेतातल्या घरापुढे नाहीतर फार्महाऊसच्या अंगणात जमिनीवर उभा राहणारा पूल बसवायचं अनेकांच्या मनात येतं. खोदकाम नाही, आरसीसी नाही, लागला तर ठेवला नाही तर काढला. मग पहिला प्रश्न पडतो तो सांगाड्याचा: हे सगळे पाईप आपल्याला जोडायला जमतील का? पाईप जमतात. दोघं-तिघं जण असतील तर अर्ध्या दिवसात सांगाडा उभा राहतो. पूल बिघडतो तो खालच्या जमिनीमुळे. म्हणून स्वतः करायचं की माणसं लावायची, हे खोका उघडण्याआधी जमीन बघून ठरवा.

आधी वजनाचा अंदाज घ्या. १५ फूट व्यासाच्या आणि ४ फूट उंचीच्या गोल पुलात साधारण १७,००० लिटर पाणी मावतं. म्हणजे १७ टन, उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्यांएवढं वजन एकाच गोलावर महिनोन्‌महिने बसून राहणार. १२ फूट व्यासाचा आणि अडीच फूट उंचीचा छोटा पूल घेतला तरी साडेसहा हजार लिटर होतात.

याच कारणासाठी गच्चीचा विचार डोक्यातून काढून टाका. ये-जा असलेल्या गच्चीसाठी आयएस ८७५ या मानकात भार धरतात तो दर चौरस मीटरला साधारण १५० किलो. पाण्याची उंची फक्त एक फूट असली तरी भार ३०० किलोंच्या वर जातो. मुलांचा दोन फूट पाण्याचा पूल म्हणजे ६०० किलो. 'स्लॅब मजबूत आहे' असं गवंडी म्हणाला म्हणून भागत नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरनं कागदावर लिहून दिल्याशिवाय गच्चीवर पूल मांडू नका.

पूल कोणत्या प्रकारचा आहे?

हवेची कड फुगवायचा पूल आणि लोखंडी पाईपांच्या सांगाड्याचा गोल पूल, हे दोन्ही घरी बसवता येतात. पाईपांचाच लांबट चौकोनी पूल १६ फुटांपर्यंत असेल तर घरी जमतो, मात्र जमीन जास्त काटेकोर लागते.

पत्र्याच्या अखंड भिंतीचा पूल वेगळा. त्यात गोल भिंत असेल आणि हाताशी चार माणसं असतील, त्यातल्या एकाला मोजमापाची सवय असेल, तर धाडस करायला हरकत नाही. लंबगोल मात्र स्वतः करू नका. गोल भिंतीवर पाण्याचा दाब सगळ्या बाजूंनी सारखा येतो आणि पत्रा पिंपाच्या कड्यासारखा स्वतःच तो ओढून धरतो. लंबगोलाच्या सरळ बाजूंना हा आधार मिळत नाही. तिथे पाणी भिंतीला सरळ बाहेर ढकलतं. १.२ मीटर पाण्याला दर मीटर लांबीमागे हा रेटा ७०० किलोंच्या आसपास भरतो. तो पेलायला बाहेरून तिरके टेकू आणि खालून जमिनीत पट्ट्या लागतात. त्यातला एक टेकू जरी खचला तरी भिंत उघडते, आणि १७-२० टन पाणी एकदम सुटलं तर समोर उभं असलेलं मूल वाचत नाही. इथे पैसे वाचवू नका.

जमीन ओळखा

आपल्या बेळगाव भागात मातीचे दोन संसार आहेत. पश्चिमेकडे खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या अंगाला तांबडी माती आणि खाली जांभा. उत्तरेकडे चिकोडी, अथणीच्या बाजूला काळी. बेळगाव शहराच्या आजूबाजूला दोन्ही भेटतात. शहापूर, वडगाव, येळ्ळूरचं भाताचं शिवार काळं आणि चिकट आहे, तर हिंडलग्याकडे तांबडी माती लागते.

तांबडी जमीन पुलाला चांगली. दाबली की बसते आणि पाणी खाली सोडते. तिथला त्रास टोकदार खड्यांचा आणि उताराचा. काळी माती फसवी. मे महिन्यात तिला भेगा पडतात आणि पाऊस लागला की ती फुगते. पुलाच्या मध्यभागी ती झाकलेली म्हणून एकसारखी राहते, पण कडेला, जिथे सांगाड्याचे पाय उभे असतात, तिथे ओली-सुकी होत राहते. मार्चमध्ये नीट लेव्हल केलेला पूल जुलैत एका बाजूला झुकतो तो यामुळे. काळ्या मातीवर नुसती वाळू पसरून पूल मांडला तर पहिल्या पावसाळ्यातच त्याची लेव्हल जाते.

जागा निवडताना सेप्टिक टाकी, शोषखड्डा, बुजवलेली विहीर आणि दोन-तीन वर्षांतला भराव टाळा. वरून विजेची तार जात असेल तर ती जागा नको. चिंचेखाली किंवा नारळाखालीही नको. चिंचेचा पाला फिल्टर चोंदवतो.

आणखी एक गोष्ट वाकून बघा: लव्हाळा. ही तीन धारांच्या देठाची हिरवी पात भाताच्या बांधावर, बागेत, सगळीकडे असते. तिचा कोंब सुईसारखा टोकदार येतो आणि खालून लायनर, म्हणजे पाणी धरणारं पुलाचं प्लास्टिकचं कापड, भोसकून पुलात वर निघतो. पूल भरल्यावर महिन्याभरात तळाला बारीक हिरवं टोक दिसलं तर समजा हाच आहे. वरची पात उपटून किंवा जाळून काही होत नाही, कारण खाली काळ्या गाठी शिल्लक राहतात. लव्हाळा असलेली वीतभर माती खणून, गाठी वेचून, जागेपासून लांब टाका. प्लास्टिकचा कागद अंथरला म्हणून तो थांबत नाही. जाड जिओटेक्स्टाइल (जमिनीवर अंथरायचं न विणलेलं कृत्रिम कापड) थोडा आधार देतं, पण खरा उपाय माती काढणं हाच. डिझेल किंवा रॉकेल ओतून गवत मारायची सवय इथे चालणार नाही. त्यानं लायनरचं प्लास्टिक खराब होतं.

उतार मोजा, मग ठरवा

गवंड्याकडे असते तशी पारदर्शक लेव्हल नळी घ्या, ३० फूट लांबीची. तिच्यात पाणी भरा आणि हवेचा बुडबुडा राहिला नाही ना ते पाहा. पुलाच्या व्यासापेक्षा ४ फूट मोठा गोल आखा, म्हणजे १५ फुटी पुलाला १९ फूट. मध्यभागी खुंटी ठोका, साडेनऊ फुटांची सुतळी बांधा आणि चुन्यानं गोल काढा. गोलावर आठ खुंट्या ठोकून नळीनं प्रत्येकीवर एकाच पातळीची खूण करा. मग खुणेपासून जमिनीपर्यंतचं अंतर टेपनं मोजा. सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत कमी मापातला फरक म्हणजे तुमचा उतार.

फरक ३ इंचांपर्यंत असेल आणि माती तांबडी असेल, तर कुदळ-फावड्यानं दोन दिवसांत काम होतं. ३ ते १० इंच असेल तर जमिनीचं काम जेसीबी आणि गवंड्याला द्या, बाकीचं स्वतः करा. १० इंचांच्या वर उतार, काळी माती, किंवा भराव घालून दगडी बांध घ्यावा लागणार असेल, तर जमिनीचा पूर्ण ठेका जाणकाराकडे द्या. पूल छोटा असला तरीही.

आमच्या मते बहुतेकांसाठी हाच मधला मार्ग बरा: जमीन आणि वीज माणसं लावून, सांगाडा आणि लायनर घरच्यांनी. सगळंच स्वतः करायच्या हट्टात माणूस जमीन उरकून टाकतो, आणि सगळंच दुसऱ्यावर सोडलं तर पुढे लायनरला सुरकुती कुठे आहे, नळी कुठे जोडली आहे, हे घरात कुणालाच माहीत नसतं.

जमीन तयार करणे

तांबड्या मातीत नियम एकच: उंच बाजू खणून खाली आणा, सखल बाजू भरून वर आणू नका. एकाच बाजूला टाकलेली सैल माती पाण्याच्या वजनाखाली दबते आणि पूल त्या बाजूला कलतो. खणून झालं की खडे, मुळं, काचा वेचा, पाणी शिंपडा आणि धुमुसानं किंवा भाड्याच्या प्लेट कॉम्पॅक्टरनं दाबा. टाच जोरात मारली तर खळगा पडू नये, इतकी जमीन घट्ट हवी.

काळ्या मातीत दीड फूट माती काढून टाका आणि मुरूम भरा. भराव पूर्ण गोलावर सारखा असायला हवा, आणि तो आजूबाजूच्या जमिनीपेक्षा अर्धा फूट वर येऊ द्या, म्हणजे पावसाचं पाणी खड्ड्यात साचणार नाही. १९ फुटी गोलाला दोन फूट भराव म्हणजे दाबल्यावर ५७० घनफूट, जवळजवळ पावणेसहा ब्रास. सैल मुरूम दाबल्यावर बसतो म्हणून ७ ब्रास मागवा. सहा-सहा इंचांचे थर द्या, प्रत्येक थराला पाणी आणि कॉम्पॅक्टर. सगळा मुरूम एकदम ओतून वरून रोलर फिरवला तर वरचा वीतभर भागच घट्ट होतो, खालचा पोकळ राहतो आणि तो पूल भरल्यावर खचतो. ठेकेदार नेमका हाच वेळ वाचवतो, तेव्हा थर पडताना तिथे उभे राहा. कडेला दगडाची ओळ घ्या आणि भोवती वीतभर खोल चर काढून पाण्याला वाट द्या.

वर दोन-तीन इंच क्रशर डस्ट, म्हणजे खडी फोडताना पडणारी दगडाची भुकटी, पसरा. १९ फुटी गोलाला एक ब्रास पुरते. नदीची वाळू पाईपांच्या पुलाखाली नको. आपल्याकडचा पाऊस ती कडेनं धुऊन नेतो आणि पाय उघडे पडतात. डस्ट ओली करून दाबली की कठीण होते.

शेवटची लेव्हल अशी घ्या. मध्यभागी पाईपचा तुकडा ठोका, त्यावर अॅल्युमिनियमच्या पट्टीचं एक टोक टेकवा, पट्टीवर स्पिरिट लेव्हल ठेवा आणि घड्याळाच्या काट्यासारखी पट्टी फिरवा. पट्टी जिथे उचलली जाईल तिथे खरवडा. पूर्ण व्यासात अर्ध्या इंचापर्यंतचा फरक चालतो. एक इंच ही शेवटची हद्द.

सांगाड्याचे पाय जिथे येणार तिथे फूटभर चौरस, दोन इंच जाड शहाबादी फरशीचे तुकडे बसवा. फरशीचा माथा डस्टच्या पातळीला अगदी समान हवा. फरशी वर राहिली तर कापडावर ताण येतो, खाली गेली तर पाय अधांतरी राहतो. यासाठी सांगाडा एकदा कोरडा जोडून पायांच्या जागा चुन्यानं आखून घ्या.

मांडणी आणि पाणी भरणे

वारा नसलेली सकाळ निवडा. फेब्रुवारी-मार्च उत्तम. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळीव येतो, आणि अर्धवट उभा रिकामा पूल त्याच्या वाऱ्यात पतंगासारखा उडतो.

१. डस्टवर जिओटेक्स्टाइल, त्यावर पुलासोबत आलेलं तळकापड. घडी राहू देऊ नका.

२. लायनर तासभर उन्हात पसरून ठेवा, मऊ होतो. ओढत नेऊ नका, चौघांनी उचला. पाणी सोडायचं भोक उताराच्या बाजूला आणि फिल्टरची भोकं पंप बसणार त्या बाजूला येऊ द्या. हे आत्ता चुकलं तर भरलेला पूल फिरवता येत नाही.

३. वरचे पाईप लायनरच्या बाहीतून घाला, सांधे जोडा आणि सगळे वरचे पाईप झाल्यावरच पाय लावा. शेवटचा सांधा आखडून बसतो, तेव्हा हातोडी मारू नका. समोरच्या बाजूचा सांधा थोडा सैल केला की हा बसतो. पिना सगळ्या लावा. एखादा पाईप वाकलाच तर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये त्याच व्यासाचा आणि त्याच जाडीचा करून घेता येतो. जुना तुकडा सोबत न्या आणि गंजरोधक रंग विसरू नका.

४. एक इंच पाणी सोडून थांबा. अनवाणी आत जाऊन सुरकुत्या मध्यापासून कडेकडे पायानं सरकवा. पाणी तीन इंच झालं की त्या हलत नाहीत.

५. त्याच वेळी पाण्याची खोली चार बाजूंना पट्टीनं मोजा. फरक एक इंचाच्या वर दिसला तर पाणी सोडून द्या, लायनर उचला आणि जमीन पुन्हा करा. या पायरीला १५ फुटी पुलात चारशे-साडेचारशे लिटर पाणी आणि एक दिवस जातो. 'पुढे बसेल' म्हणून तसंच भरलं तर पाणी सखल बाजूला जास्त रेटतं, तिथले पाय बाहेर कलतात, आणि एकदा कललेला पाय सरळ होत नाही.

६. एक फूट पाण्याला सगळे पाय ओळंब्यात आहेत का बघा, सांध्यांना गळती आहे का बघा, मगच पुढे भरा.

मिनिटाला २० लिटर देणाऱ्या नळीनं १७,००० लिटरना १४ तास लागतात. टँकरचा जाड पाईप थेट लायनरवर सोडू नका. त्याच्या धारेनं खालची डस्ट खोदली जाते. बादली आडवी ठेवून तिच्यात धार पडू द्या.

पत्र्याच्या भिंतीच्या पुलात आणखी एक काम असतं. भिंतीच्या आतल्या बाजूनं ओल्या, चाळलेल्या वाळूची ४ ते ६ इंचांची तिरकी गोलाई करावी लागते. ती नसेल तर पाणी लायनरला भिंतीच्या खालच्या फटीत ढकलतं आणि तो तिथेच फाटतो. फिल्टरची भोकं लायनरमध्ये कापायची वेळ येते ती पाणी भोकाच्या तीन-चार इंच खाली आल्यावर. आधी कापलं तर लायनर ताणून भोक वाकडं होतं.

वीज स्वतः करू नका

बाकी सगळं घरी केलं तरी हे काम परवानाधारक वायरमनकडेच द्या. पंपाला स्वतंत्र लाइन, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि चांगलं अर्थिंग हवं. सॉकेट पुलाच्या काठापासून किमान साडेतीन मीटर लांब, जमिनीपासून मीटरभर उंच आणि झाकणाच्या पेटीत. एक्स्टेन्शन बोर्ड गवतावर टाकून पंप चालवू नका. आरसीसीबीचं चाचणी बटण महिन्यातून एकदा दाबा. पंपाच्या पुस्तिकेत पाण्यात माणूस असताना पंप बंद ठेवा असं लिहिलेलं असेल तर ते तंतोतंत पाळा. परदेशातून कुणी पूल पाठवला असेल तर पंपावर २२०-२४० व्होल्ट, ५० हर्ट्झ लिहिलंय का बघा. ११० व्होल्टचा पंप आपल्या लाइनवर लावला की जळतो.

पंपाची ताकद पुलाचं सगळं पाणी आठ तासांत एकदा फिरवेल इतकी हवी, म्हणजे १७,००० लिटरना ताशी किमान २,१०० लिटर. वाळूचा फिल्टर घेतलात तर ०.४५ ते ०.८५ मिलीमीटर दाण्याची धुतलेली नवी सिलिका वाळू भरा. आपल्याकडे फाउंड्री पुष्कळ, म्हणून तिथली वापरलेली काळी वाळू फुकट मिळेल, पण ती घेऊ नका. तिच्यात बेंटोनाइट आणि कोळशाची भुकटी असते आणि पहिल्याच तासाला पाणी काळं होतं.

बोअरचं पाणी आणि क्लोरीन

भरण्याआधी बादलीभर बोअरचं पाणी घ्या, अर्धा चमचा ब्लीचिंग पावडर ढवळा आणि रात्रभर ठेवा. सकाळी पाणी चहासारखं तांबूस झालं तर त्यात लोह आहे. तेच पुलातही होणार. अशा पाण्यानं भरलाच तर क्लोरीन थोडं थोडं द्या, फिल्टर सलग चालवा आणि त्यातली गाळणी (कार्ट्रिज) रोज दोनदा धुवा, पाणी निवळेपर्यंत.

मोकळं क्लोरीन १ ते ३ पीपीएम (लिटरला तितके मिलीग्रॅम) आणि पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्लतेचं माप, ७.२ ते ७.६ ठेवा. तपासायचं किट आणल्याशिवाय पुलात उतरू नका. १७,००० लिटरमध्ये क्लोरीन २ पीपीएमनं वाढवायला ३३ टक्के ताकदीची ब्लीचिंग पावडर साधारण १०० ग्रॅम, किंवा १० टक्क्यांचं द्रव सोडियम हायपोक्लोराइट ३४० मिलीलिटर लागतं. बोअरचं पाणी जड असेल तर द्रव बरं, कारण ब्लीचिंग पावडर कॅल्शियम वाढवते आणि कडेला पांढरा थर धरतो. औषध संध्याकाळी टाका, उन्हात ते उडून जातं. पावडर आधी प्लास्टिकच्या बादलीतल्या पाण्यात कालवा. नेहमी पाण्यात औषध, औषधावर पाणी नाही. ब्लीचिंग पावडर आणि टीसीसीए (दुसऱ्या प्रकारच्या क्लोरीनच्या) गोळ्या एकाच डब्यात किंवा एकाच चमच्यानं हाताळू नका. त्या एकत्र आल्या तर पेट घेतात.

पातळी उतरतेय असं वाटलं तर शिडीच्या पायरीवर पाण्यानं भरलेली बादली ठेवा आणि आत-बाहेर दोन्हीकडे पाण्याची खूण करा. २४ तासांनी दोन्ही खुणा सारख्याच उतरल्या असतील तर ते बाष्पीभवन. एप्रिल-मेमध्ये रोज अर्धा ते एक सेंटीमीटर पाणी असंच जातं. पुलाची खूण जास्त उतरली तर गळती शोधा.

ठेकेदाराला काय विचाराल

आरसीसीचे जलतरण तलाव बांधणारे सगळेच हे काम करतात असं नाही. जमिनीवरचे किती बसवले ते विचारा, आणि त्यातला एखादा पावसाळा काढलेला पूल प्रत्यक्ष बघून या. कोटेशनमध्ये किती खोल माती काढणार, मुरूम किती ब्रास, थर किती इंचांचे, लेव्हलमधला फरक जास्तीत जास्त किती, हे लिहून घ्या. 'जमीन तयार करून देणे' एवढीच ओळ असेल तर कोटेशन परत द्या. अर्धवट पाणी भरल्यावर लेव्हल तपासायला माणूस येणार का आणि फरक निघाला तर पुन्हा करणं कुणाच्या खर्चानं, हेही आधीच ठरवा. शेवटचा हप्ता पूल पूर्ण भरून आठवडा झाल्यावर द्या.

पावसाळा येण्याआधी

पाईपांचा पूल जूनच्या पहिल्या आठवड्यात उतरवा. पाणी चार-पाच दिवस क्लोरीन न टाकता ठेवून मग झाडांना सोडा. लायनर दोन्ही बाजूंनी पूर्ण सुकवा, टाल्कम पावडर लावा, सैल गुंडाळी करून पत्र्याच्या पिंपात ठेवा. पोत्यात ठेवला तर उंदीर आणि घुशी दिवाळीपर्यंत त्याची चाळण करतात. पत्र्याच्या भिंतीचा पूल रिकामा करू नका, रिकाम्या भिंतीला वारा पाडतो. पाणी वरच्या कडेपासून अर्धा फूट खाली ठेवा, जास्तीचं सायफनच्या नळीनं सोडत राहा आणि क्लोरीन चालू ठेवा. क्लोरीन थांबलं तर आठ-दहा दिवसांत त्यात डेंग्यूचे डास तयार होतात.

घरात लहान मुलं असतील तर पहिल्या दिवसापासून चार फुटी जाळीचं कुंपण आणि बाहेरून मुलाच्या हाताला न लागणारी कडी हवी. मोठी माणसं बाहेर आली की शिडी उचलून घरात न्या.